पंधरा सेकंद

कुरेसारेच्या इस्पितळाचं तळघर, रात्रीचे पावणेदोन.
रांगेत चार हजार तीनशे बारा पत्रं.
बाहेर खाडी गोठत चाललीय, फेरीबोट वाऱ्याच्या मर्जीवर,
आणि तार्तूहून निघालेला छातीच्या एक्स-रेचा अहवाल
समुद्र ओलांडून क्षणात आला
तो माझ्या यंत्राच्या उंबरठ्यावर
टोपी हातात धरून
अडीच तास उभा.

राइगो म्हणाला, नवं यंत्र घेऊ.
राइगो पंचविशीचा.
त्याच्या मते गाळणी पत्रांपेक्षा जड झालीय,
नाकापेक्षा मोती.
मला पटलंही असतं,
पण प्रोसेसरकडे पाहिलं तर नऊ टक्के.
दारात ही झुंबड, आणि हा नऊ टक्के!
म्हणजे दमलेला नाही.
हा कोणाची तरी वाट पाहतोय.

मग नोंदी उघडल्या. एकेक ओळ, बोट ठेवून,
जसे माझी आई वाटाण्यातले खडे वेचायची.
प्रत्येक पत्रामागे गाळणी सात ठिकाणी विचारते:
हा पत्ता ओळखता का? हा ठग आहे का?
सहा जण पापणी लवायच्या आत सांगतात.
सातवा गप्प.
पंधरा सेकंद गप्प.
मग गाळणी खांदे उडवते, पुढचं पत्र घेते
आणि पुन्हा त्याच दाराशी जाते.
कामाला पाच हात, पाचही तिथेच टेकलेले.

ती यादी कोणीतरी हौसेनं चालवायचा,
दूर कुठेतरी, नेदरलँड्सकडे.
कधीच बंद केली त्यानं.
गाळणीला कोण सांगणार?

सेटिंगच्या फाईलमध्ये त्या ओळीच्या वर
एक टिपण होतं:
"तात्पुरतं. वसंतात तपासायचं. वे."

वेल्लो.
अकरा वसंत झाले.
त्यातल्या सातव्यात आम्ही त्याला पोचवून आलो,
कबरीवर ओली वाळू, आणि मी मोबाईल बंद करायला विसरलेली.
त्याची ओळ मात्र कामावर होती,
रोज, दर पत्रामागे, इमानेइतबारे
बंद दार वाजवत.

पुसली नाही मी.
आधी हॅशची एक खूण टाकली, बस.
आता यंत्र तिला वाचतं पण ऐकत नाही.

हात लागलाच होता, तर बाकीचंही केलं:
उत्तरं घरातच साठवून ठेवायची सोय,
म्हणजे तोच प्रश्न शंभरदा परदेशी जायला नको.
शिकलेल्या शब्दांचं पोतं पाखडलं,
वर्षानुवर्षं न दिसलेले शब्द फोलासारखे उडाले,
कुठल्याशा लॉटऱ्या, सोन्याची घड्याळं, केस उगवायचं तेल.
आणि फार वजनदार पत्रं तपासायचीच नाहीत असं ठरवलं.
ठग एवढं ओझं घेऊन हिंडत नाहीत,
एक्स-रे हिंडतात.

तीन हजार नऊशे.
दोन हजार.
चहा निवेपर्यंत एकशे सहा.
काल दुपारच्या माशाच्या सूपची सूचना आत्ता पोचली,
सूप संपून बारा तास झालेले.
अहवालही गेला वर, तिसऱ्या मजल्यावर.
काय लिहिलंय त्यात, मला ठाऊक नाही.
ते माझं काम नव्हे.

निघण्याआधी सवयीनं कचऱ्याची पेटी उघडली.
तिथे लेइडा कास्क, वय एक्क्याऐंशी,
सगळी अक्षरं मोठी,
कारण लहान तिला दिसत नाहीत:
पैसे. तातडीनं. कुठल्या खात्यात भरू, कृपया सांगा.
नवऱ्याच्या उपचारांचं बिल होतं.
तीन शब्द, तीन गुन्हे,
आणि माझ्या चपळ, ताज्या गाळणीनं
एका सेकंदाच्या आत तिला बाहेर काढलं होतं.

खुर्ची परत ओढली.
कोट अंगात तसाच.